झिजलेला अंगठा

कारागृहाच्या दवाखान्यात आता गोळ्या देणारे यंत्र बसवले आहे. बंद्याने काचेवर अंगठा टेकवला, की त्याच्या नावाची पुडी खालच्या खणात पडते. वकिली सोडल्यापासून बंद्यांच्या तक्रारी ऐकणारा, शासनाने नेमलेला अभ्यागत म्हणून मी तेथे जातो. परवा, फिट्सची गोळी घ्यायला आलेल्या एका वृद्ध बंद्याचा अंगठा यंत्र ओळखेना.

“आजोबा, नीट दाबा,” शिपाई म्हणाला.

“दाबतोय की, साहेब. तुमच्याच मागावर सतरंज्या विणून रेघा गेल्या. आता नवा अंगठा कुठनं आणू?”

रांग हसली. पुडी पडली नाही.

सश्रम कारावासाचे निकाल मी आयुष्यभर ऐकले. त्या श्रमांत माणसाची ओळखही जप्त व्हावी, असे कोणते कलम सांगते? शिक्षा शासनाची, माग शासनाचा, यंत्रही शासनाचेच. आणि आपण आपणच असल्याचा पुरावा मात्र त्या झिजलेल्या अंगठ्याने द्यायचा.

“तुम्ही यांना ओळखता ना?” मी शिपायाला विचारले.

“रोज बघतो. पण माझ्या ओळखण्यानं खण उघडत नाही, साहेब.”

मी तडक अधीक्षकांच्या खोलीकडे निघालो. मागे वृद्ध सदऱ्याच्या टोकाने काच पुसत होता. जणू दोष तिचाच असावा.