खानावळीची बुजवलेली खिडकी

कोल्हापुरात दादाची दहा बाकड्यांची खानावळ. स्वयंपाकघर आणि बसायची जागा यांच्यामध्ये एक खिडकी, आणि त्या खिडकीत वहिनीचं घामेजलेलं तोंड. वाटी रिकामी झाली रे झाली की गिऱ्हाईक बसल्या जागेवरून बोंब ठोकायचं, "वैनी, तांबडा!" आतून उत्तर यायचं, "आलं की! दम धरा जरा!" मला या आरडाओरड्याची लाज वाटायची. शाळेतल्या मैत्रिणींना इथे जेवायला आणायचं कसं?

म्हणून मीच दादाच्या मागे लागले. खिडकी बुजवली. मंद दिवे, एसी, हळू वाजणारी बासरी. ताट वाढून झालं की वहिनीने आत बटण दाबायचं, बाहेर घंटी वाजणार, दादा जाऊन आणणार. वहिनी एवढंच म्हणाली, "मग मला माणसं दिसायची न्हाईत की." मी ते हसण्यावारी नेलं.

लोक कुजबुजत जेवू लागले. त्या उजेडात तांबडा रस्सा काळा दिसायचा. चांगले पैलवान गडीसुद्धा चमचा धरून बसायचे आणि वाटी रिकामी झाली तरी तोंड उघडायचे नाहीत. मला वाटलं, माणसं सुधारली. माझी मेलीची अक्कल!

त्या दुपारी मैत्रिणींना घेऊन मी तिथेच बसले होते. आमच्या वाट्या रिकाम्या, शेजारच्या टेबलावरच्याही. भाकरी ताटात वाळत चाललेली. दादा घंटीकडे कान लावून गल्ल्यावर उभा. घंटी वाजेना. आत काही बिनसलं असावं असं वाटलं, पण एवढ्या छान जागेत ओरडायचं कसं? मी पाण्याचा घोट घेतला आणि गप्प बसले. शेवटी कोपऱ्यातला एक म्हातारा उठला. "काय वो पावणं, आत माणूस हाय का न्हाय?"

दादा आत धावला. कोंडलेल्या उकाड्यात वहिनी फरशीवर पडली होती, बटणापासून हातभर अंतरावर. आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

वहिनी वाचली. ती घरी आली त्याच दिवशी दादाने भिंत फोडून खिडकी मोकळी केली. आता जेवायला गेले की सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडते, वाटी काठोकाठ भरलेली असली तरी. आतून "आलं की!" ऐकू येईपर्यंत घास घशाखाली उतरत नाही.