धुळ्याला नेलेला नारळ

माझ्या आयुष्यात मला एकच शिष्या मिळाली, आणि तीही सख्ख्या बहिणीची मुलगी. म्हणजे दुसरीकडे जायला तिला वावच नव्हता. अक्काचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पुढे. शाळा सुटली की भाची आमच्याकडे यायची, मामी तिच्यापुढे खायला ठेवायची आणि मी पेटी. तिचा हात तेव्हा भात्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून भाता मी चालवायचो आणि पट्ट्यांवर बोटं तिची. असं एका पेटीवर आम्ही दोघांनी दोन वर्षं काढली. तिसऱ्या वर्षी तिने माझा हात भात्यावरून अलगद बाजूला केला. ते माझ्या लक्षात राहिलंय.

मी जळगावात ठिबकच्या नळ्या विकतो आणि संध्याकाळी भजनात पेटीची साथ करतो. साथ करतो म्हणजे करायचो. माझ्यात एक खोड आहे. गाणाऱ्याची ओळ संपायच्या आत मला पुढची ओळ दिसायला लागते आणि बोटं निघून जातात. एकदा भर मंडपात बुवा गाता गाता थांबले आणि म्हणाले, "पेटीवाले, मी गाऊ, की तुम्हीच उरकून घेता?" मंडप हसला. शेजारी बारा वर्षांची भाची बसली होती. ती हसली नाही, नुसती माझ्या बोटांकडे बघत राहिली.

पुढे तीन-चार वर्षांनी त्याच बुवांनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, पुढच्या एकादशीपासून पेटीवर पोरीला बसू द्या. तुम्ही टाळ घ्या." मी टाळ घेतले. टाळ वाईट नसतात, तब्येतीला चांगले असतात. सगळे म्हणायचे, पोरगी काय साथ करते हो! गाणाऱ्याला दम टाकायला जागा देते. मी म्हणायचो, "शेवटी शिष्या कुणाची?" आणि टाळ जरा जास्तच जोरात वाजवायचो.

तरी एक दिवस वर्षातला माझा होता. गुरुपौर्णिमेला ती सकाळी अंघोळ करून यायची, पेटीसमोर नारळ ठेवायची आणि माझ्या पाया पडायची. मी त्या दिवशी दुकानात उशिरा जायचो. विचारलं कुणी, तर सांगायचो, "शिष्य येतात ना." अनेकवचन मीच लावलेलं होतं.

अशी सगळी व्यवस्था नीट चाललेली असताना बीएस्सी झालेल्या या मुलीने जाहीर केलं की ती धुळ्याला विमान चालवायला शिकणार आहे. आमच्या घराण्यात सर्वांत उंच गेलेला माणूस म्हणजे मी, तोही गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायला, आणि तिथेच मला चक्कर आली होती. मी अक्काला म्हटलं, "अगं, पेटी सोडून हे काय?" अक्का म्हणाली, "पेटी कुठे सोडतेय? आणि तू चिडतोस कशाला? तुला कुणी बसायला सांगितलंय त्यात?"

ती धुळ्याला राहायला गेली. रविवारी यायची, आणि आली की तोंडात एकच शब्द, सर. सर म्हणतात, उतरताना घाई करायची नाही. सर म्हणतात, हात हलका ठेवायचा. सर म्हणतात, आधी ऐकायचं मग बोलायचं. अहो, हे सगळं मी तिला पेटीवर सांगितलेलं होतं! शब्दन् शब्द. मी स्वतः ते कधी केलं नाही, हा भाग वेगळा. मी मनातल्या मनात त्या सरांचं चित्र काढून ठेवलं होतं. भरघोस मिशा, काळा चष्मा, खर्जातला आवाज. अशा माणसाचा मत्सर करायला बरं वाटतं.

रेडिओवर बोलायची तिची परीक्षा होती. खालून विमानाला जे सांगतात ते वरच्याने तसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं असतं, म्हणजे ऐकण्यात चूक झाली नाही हे कळतं. सरावासाठी खालचा माणूस हवा होता. मी लगेच पेटीमागे जाऊन बसलो, कारण मला दुसरीकडे बसून अधिकाराने बोलता येत नाही. तिने पुस्तक माझ्या हातात दिलं.

"रनवे शून्य नऊ, क्लिअर्ड फॉर टेकऑफ," मी वाचलं. मग राहवलं नाही. "आणि जपून जा बरं का बाई."

तिने डोळे मिटून म्हटलं, "रनवे शून्य नऊ, क्लिअर्ड फॉर टेकऑफ."

"आणि 'जपून जा' कुठे गेलं?"

"ते पुस्तकात नाहीये, मामा."

"पण मी म्हटलं ना! तसंच्या तसं परत म्हणायचं असतं ना?"

स्वयंपाकघरातून मामी म्हणाली, "त्यांना भजनातपण पुस्तकाबाहेरचं वाजवायची सवय आहे. तू लक्ष नको देऊ."

ती परीक्षा पास झाली. पेढे आणले तेव्हा म्हणाली, "सर खूश झाले." मी पेढा खाल्ला. गोड होता, काय करणार.

यंदाच्या गुरुपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. "मामा, उद्या हवा मोकळी राहिली तर सर मला एकटीला सोडणार आहेत. पहिल्यांदाच. दोनदा ढगांमुळे राहिलंय. मला यायला नाही जमणार हो."

मी म्हटलं, "हो हो, ते महत्त्वाचं." फोन ठेवला आणि मामीला म्हटलं, "ती नाही तर मी जातो. पोरगी एकटी वर जाणार, घरचं कुणीतरी हवं. दाजींना सुट्टी नाही, अक्काला बघवणार नाही." हे सगळं खरं होतं. पण सकाळी निघताना मी पिशवीत एक नारळ टाकला तेव्हा मामीने बघितलंच.

"हा कशाला?"

"तिला तिथे कुठे मिळेल? ऐनवेळी अडायला नको."

"म्हणजे गुरू स्वतःचा नारळ स्वतःच घेऊन शिष्येकडे चालला," मामी म्हणाली. "निदान पायही स्वतःचे स्वतः धरून या. तिला वाकायचा त्रास नको."

पहाटेची एसटी. एरंडोल गेलं, पारोळ्याला शेजारी एक आबा येऊन बसले. मांडीवरच्या पिशवीतला नारळ बघून म्हणाले, "कोठे चालनात भाऊ? देवले का?"

"धुळ्याला, आबा. भाची विमान चालवते तिथे."

"काय सांगतस!" आबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "भाची इमान उडावस, आन् मामा येष्टीमा?"

पुढच्या सीटवरची माणसं मागे वळून हसली. मग धुळे येईपर्यंत आबांनी येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ओळख करून दिली, हा इमानवालीचा मामा शे. खरं म्हणजे अभिमान वाटायला हवा होता. मला वाटत होतं, पेटीवाल्याची भाची असं कुणी म्हणालं तर काय बिघडेल?

मैदानावर पोचलो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं आणि विमान इतकं लहान होतं की मला वाटलं हे नमुन्याचं असेल. दोन माणसं बसतील एवढंच. भाची धावत आली. पांढरा शर्ट, गळ्यात हेडफोन, चेहरा उतरलेला. रात्री झोपली नसावी. "मामा! तुम्ही आलात!" आणि मग तिची नजर पिशवीवर गेली. मी पिशवीचं तोंड जरा उघडंच धरलं होतं, हे कबूल करतो.

"नारळ!" ती म्हणाली. "मामा, तुम्हाला कसं सुचलं हो? आज गुरुपौर्णिमा, आणि सरांसाठी नारळ आणायचं मी पार विसरले होते. मघापासून जीव खात होते स्वतःचा."

आणि तिने नारळ घेतला. मी तो हातातून सोडायला एक क्षण जास्त लावला, पण सोडला.

सर म्हणजे माझ्याहून वीस वर्षांनी लहान, किडकिडीत, मिशीचा पत्ता नाही. आवाजही बारीक. त्यांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला, ते लाजले, मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "मामा, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय." इतका सज्जन माणूस आहे हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं. जळायलाही समोरच्याने थोडी मदत करावी लागते.

ती आधी त्यांच्याबरोबर दोन फेऱ्या मारून आली. मग सर उतरले, बाजूची रिकामी सीट पट्ट्याने बांधली, दार लावलं आणि हातात रेडिओ घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. विमान एकटं निघालं. तिचा आवाज रेडिओवर आला, सपाट, एकही शब्द जास्त नाही. इंजिनाचा सूर चढला आणि काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधे कुठेतरी स्थिरावला. पेटीवर न सापडणारी जागा. मग ते जमिनीवरून उठलं, आणि त्याच्याबरोबर मीही खुर्चीतून उठलो.

तिने एक मोठी फेरी घेतली. ठिपका झाला, परत विमान झालं, धावपट्टीच्या रेषेत आलं, खाली येऊ लागलं. मी श्वास रोखला. आणि अगदी जमिनीजवळ येऊन ते विमान टेकेना. वाऱ्याने एका बाजूला ढकलल्यासारखं डुललं, धावपट्टी पायाखालून मागे मागे पळत संपायला लागली.

मी सरांकडे बघितलं. रेडिओ त्यांच्या तोंडापासून चार बोटांवर होता. अंगठा बटणावर. अंगठा पांढरा पडलेला.

"अहो, सांगा ना तिला काहीतरी!" मी ओरडलो.

"नाही," ते म्हणाले. नजर विमानावर. "आत्ता बोललो तर ती माझं ऐकत बसेल. तिला विमानाचं ऐकू द्या."

मी असतो तर? मी एवढ्यात दहा सूचना दिल्या असत्या, वर जपून ये म्हटलं असतं. हा माणूस माझ्याएवढाच घाबरलेला होता, मला दिसत होतं, आणि गप्प होता. तेवढ्यात इंजिनाचा सूर एकदम चढला, विमान टेकायचं सोडून पुन्हा वर गेलं आणि रेडिओवर तिचा आवाज आला, "गोइंग अराउंड." म्हणजे पुन्हा फेरी मारून येते. सरांनी श्वास सोडला आणि बटण दाबून एवढंच म्हणाले, "रॉजर." म्हणजे कळलं. 

त्या क्षणी मला त्यांचा जो मत्सर वाटला तसा बुवांनी पेटी काढून घेतली तेव्हाही भाचीचा वाटला नव्हता. मिशा असत्या आणि हिंमत असती तर त्याचं मला काही नव्हतं. पण या माणसाला सा कुठला आणि रे कुठला हे ठाऊक नाही आणि याला साथ येते! पस्तीस वर्षं पेटी घेऊन बसलो, मला ती आली नाही, आणि हा मैदानात उभ्याउभ्या करून दाखवतो.

दुसऱ्या फेरीला ती उतरली. चाकं टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

पहिल्यांदा एकटं उडून आलं की त्या पोरावर पाणी ओतायची तिथे पद्धत आहे. सगळे बादल्या भरून तयारच होते. ती विमानातून उतरली. आधी विमानाच्या पंखाला हात लावून नमस्कार केला, मग सरांच्या पाया पडली, मग माझ्या. मी तिसरा. मैफिलीत गाणारा, तबला आणि मग पेटी, म्हणजे क्रम माझ्या ओळखीचाच होता. सरांनी एक भरलेली बादली माझ्या हातात दिली, "मामा, मान तुमचा." मी ओतली. अर्धी तिच्यावर गेली आणि अर्धी शेजारी उभ्या असलेल्या सरांवर. हात घसरला, असं मी तेव्हा म्हणालो. घसरला नव्हता.

सर ओलेचिंब, हसत होते. त्यांनी विमानाच्या शेडच्या पायरीवर नारळ फोडला आणि पहिला तुकडा मला दिला.

संध्याकाळी ती मला स्टँडवर सोडायला आली. केस अजून ओले. मी हट्टाने तोंड मिटून होतो, पण इतका वेळ गप्प राहायची मला सवय नाही. "घाबरलीस का गं, टेकत नव्हतं तेव्हा?"

"घाबरले ना. वाटलं, बघताहेत सगळे, टेकवून टाकावं एकदाचं. मामा, रागावू नका हं. पण मला घाई झाली की तुम्हीच आठवता. ते बुवा मंडपात थांबले होते ना, ते. मग मी हात हलका करते. आजही तसंच झालं. वर गेले परत."

"म्हणजे माझी चूक आठवली."

"हो," ती म्हणाली. तिने सावरून घ्यायचा प्रयत्न केला नाही, हे मला आवडलं. मग म्हणाली, "इंजिन कुठल्या सुरात होतं सांगा."

"काळी दोनच्या वर, पांढरी तीनच्या खाली."

"मलाही तेच वाटलं! सरांना सांगितलं तर ते म्हणतात, म्हणजे काय?"

हे ऐकून मला जे बरं वाटलं ते मी सविस्तर लिहीत नाही. एसटी आली. मी खिडकीत बसलो, खिशातून खोबऱ्याचा तुकडा काढला आणि पारोळा येईपर्यंत पुरवून पुरवून खाल्ला. मामीचा फोन आला.

"उतरली का नीट?"

"उतरली. सुरेख उतरली."

"आणि तुम्ही कधी उतरताय?"

"पारोळा गेलं, दीड तासात येतो."

"बसमधून नाही विचारत मी, गुरूच्या पाटावरून," मामी म्हणाली.

मी लगेच काहीतरी बोलणार होतो. पण म्हटलं, आधी तिचं वाक्य संपू द्यावं. ते संपलेलंच होतं. तरी मी थोडा वेळ थांबलो.