ताकदीचं इंजेक्शन

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही – बायकोजवळसुद्धा नाही. तिला वाटतं, मुलुंडच्या काकूंचं मी पोटच्या मुलासारखं केलं. सगळ्यांनाच तसं वाटतं.

सुहास, काकूंचा एकुलता एक, माझा जिवलग मित्र. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. आधी जागरणासाठी गोळ्या घ्यायचो. मग उडालेली झोप यावी म्हणून – कसं सांगू? – वॉर्डातलं पेथिडीन. वेदनांनी तळमळणाऱ्या पेशंटसाठी असतं ते. मी चोरून आणायचो, होस्टेलवर आम्ही एकमेकांना टोचायचो. उद्याचे डॉक्टर ना आम्ही, आम्हाला कसलं व्यसन लागतंय!

परीक्षेआधीच्या सुट्टीत तो मुलुंडला घरी गेला, मी अंधेरीला. त्याचे हात एव्हाना इतके थरथरायचे की स्वतःला सुई टोचता येईना. मग मी काय केलं? पेथिडीनच्या बाटल्यांची लेबलं पाण्यात भिजवून काढली आणि काकूंना म्हणालो, ताकदीची इंजेक्शनं आहेत, तुम्हीच देत जा. मोसंब्यावर सुई टोचायला शिकवलं. चौथी शिकलेली बाई – काय हरखल्या होत्या! रोज दुधाच्या पातेल्यात सिरिंज उकळायच्या.

एका दुपारी त्यांनी इंजेक्शन दिलं. सुहासने त्याआधी झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. तो त्या घेतो, हे मला ठाऊक होतं; दोन्ही मिळून श्वास थांबू शकतो, हेही. तो उठलाच नाही.

मी पोचलो तेव्हा काकू जमिनीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "झिला, माझोच हात चुकलो काय रे?"

तेव्हा खरं बोलायला हवं होतं. पण माझी डिग्री, पोलीस, आईवडील – मी घाबरलो. म्हणालो, "सुईतून हवा गेली असेल, काकू."

दंडात थोडी हवा गेल्याने कुणी मरत नाही. मला हे पाठ होतं. त्यांना कुठून माहीत असणार? काकांना बाजूला घेऊन सांगितलं, पोस्टमॉर्टेम मागू नका, काकूंवर येईल. त्यांनी माझे दोन्ही हात धरून आभार मानले.

मी पास झालो, अंधेरीत दवाखाना टाकला. काकूंनी मात्र पुन्हा साधं बटण लावायलाही सुई हातात घेतली नाही. दर दिवाळीला त्यांच्याकडचा फराळ खात मी हे बघत राहिलो – बारा वर्षं.

काकू गेल्या त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवलं. "सुहास माका माफ करतलो मां रे?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "करेल, काकू."