मंदारच्या गाडीचे पंखे

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. जो प्रॉब्लेम दुसऱ्यांदा घडवून दाखवता येत नाही तो घडलाच नाही, असं मानणारी आमची जमात. असले भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर फक्त हसले आहे. आता स्वतःच लिहायला बसलेय... हसायचं तर खुशाल हसा.

२००६चा उन्हाळा, इंग्लंडमधलं मेडनहेड. माझ्या नवऱ्याने, मंदारने, हौसेने एक जुनी, दणकट इंजिनाची अमेरिकन मसल कार घेतली होती – लाल, लांबलचक. मी तिला सवतच म्हणायचे. ट्रॅफिकमध्ये अडकली की बाईसाहेबांचा पारा चढायचा, बॉनेटमधून वाफा! तिचा मूळ पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन मंद झालं की तोही मंद. म्हणून मंदारने तो काढून रेडिएटरला दोन इलेक्ट्रिक फॅन बसवले आणि डॅशबोर्डखाली वेगळा स्विच दिला.

"गाडी बंद केली तरी हे जरा वेळ चालू ठेवायचे," तो मला सांगत होता. "आतली धग निघून जायला हवी गं."

तेव्हाच तो खोकत होता. त्याच आठवड्यात न्यूमोनियाने ॲडमिट झाला. ताप उतरेचना, शुद्धही हरपली. नागपूरहून माझे सासरे, बाबा, आले, मुलाच्या उशाशी बसून राहिले. मी देवाला मानत नव्हते, तरी हात जोडायला लागले होते.

एका दुपारी बाबांना जेवायला घरी आणलं. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये दार आहे. पलीकडून घूंऽऽ असा आवाज... दार उघडलं तर गाडीचे दोन्ही पंखे फिरत होते. बॉनेटला हात लावला आणि चटका बसला. गाडी तर किती दिवस हललीही नव्हती! तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन – ताप उतरतोय, मंदार बोलतोय. मी सगळं तसंच टाकून पळाले. बाबा दमले होते, ते घरी थांबले.

मंदार खरंच शुद्धीवर होता. "वारा छान येतोय गं," म्हणाला. त्या वॉर्डच्या खिडक्या उघडतच नाहीत. मी त्याचा हात धरून बसले, भाताची पेज करून आणते म्हणाले, तो हसलाही. आणि मग एकदम त्याने माझ्याकडे पाहिलं.

"वारा का थांबला?"

ताप भराभरा चढला. नर्स धावल्या, मला बाहेर काढलं. मी बाबांना फोन करून बोलावून घेतलं. कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघं नुसते उभे. काहीतरी बोलायचं म्हणून बाबा म्हणाले, "अगं, त्या गॅरेजमध्ये पंखे फिरून राहिले होते. कोणी नाही तिथे, अन् उगाच चालू! बंद केले मी."

"कधी?"

"आत्ताच, तुझा फोन यायच्या जरा आधी."

खोलीतून निघताना पंखा बंद करायचा – आपल्या सगळ्यांच्याच हाताला लागलेली सवय. त्यांचं काय चुकलं? मी मात्र टॅक्सी करून घरी धावले, गाडीत बसले आणि तो स्विच वेड्यासारखी खाली-वर करत राहिले. पंखे ढिम्म. बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी होती... वायरिंग करताना मंदारने काढलेली बॅटरी समोरच्या फळीवर होती, तिच्यावर धूळ. ती त्याने परत बसवलीच नव्हती.

मी परत पोचले तेव्हा मंदार गेला होता.

डॉक्टरांनी आजाराचं सगळं नीट समजावलं. गाडी विकत घेणाऱ्या मेकॅनिकने स्पष्टच सांगितलं – बॅटरीशिवाय हे फॅन फिरणं शक्य नाही. मलाही ते पटतं. मग आम्ही दोघांनी काय पाहिलं, ते मला आजही माहीत नाही. बाबांना मी मंदारचे ते वाऱ्याचे शब्द सांगितले, पण त्या बॅटरीबद्दल कधी सांगितलं नाही. दर रविवारी फोनवर, निरोप घेता घेता, ते हळूच विचारतात, "माझ्यामुळे तर नाही ना गं झालं?"

मी दर वेळी "नाही हो बाबा" म्हणते. आणि दर वेळी पलीकडे ते घाईने फोन ठेवतात, कारण मी उत्तर द्यायला उशीर केलेला त्यांना कळतो.