मिस्त्री म्हणाला, ‘चालेल’

संस्कृतात ‘कर्ण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, कान आणि सुकाणू. सुकाणू धरणारा तो कर्णधार. मात्र ज्या मालवाहू बोटीची ही हकीकत आहे, तिच्यावर सुकाणू एकाच्या हाती होते आणि कान दुसऱ्यापाशी होते, आणि या दोघांत अकरा वर्षे संभाषण नव्हते.

कान होते ते मिस्त्रींचे. बत्तीस वर्षे यंत्रखोलीत काढल्यामुळे माणसाचे बोलणे त्यांना निम्मेच ऐकू येई. यंत्राचे मात्र सगळे ऐकू येई. लाकडी मुठीचा लांब पेचकस यंत्राच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची रीत होती. ‘यंत्र’ शब्दाच्या मुळाशी ‘यम्’ धातू आहे, म्हणजे आवरणे, संयमात ठेवणे. मिस्त्रींना व्याकरण ठाऊक नव्हते, तरी तो धातू ते रोज जगत होते.

कप्तान त्यांचे थोरले साडू. सख्ख्या बहिणी दोघांच्या घरी नांदत होत्या आणि एकमेकींकडे येत-जातही होत्या. पुरुषांचे मात्र सासऱ्यांच्या घरी एका दुपारी बिनसले. मिस्त्री नव्या खुर्चीवर टेकणार, तोच कप्तान सर्वांदेखत म्हणाले, “तिथे नको. तेल लागेल.” मिस्त्री उभ्या-उभ्या पाणी प्यायले, पेला पालथा घातला आणि निघून आले. त्यानंतर नशिबाने, आणि मालकाच्या हुकमाने, दोघांना एकाच बोटीवर आणून ठेवले. वरचे वर, खालचे खाली. दोघांमधला निरोप्या होता आचारी.

“घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं,” शिडी चढता-उतरता आचारी कुरकुरायचा. “यांचं भांडण, आणि गुडघे माझे.”

त्या खेपेचा प्रवास पाच दिवसांचा होता आणि तिसऱ्या दिवशी वाटेत एक बंदर लागणार होते. निघायच्या पहाटे मिस्त्रींनी समुद्राचे पाणी ओढून यंत्र थंड ठेवणारा पंप उघडला. आतल्या रबरी पंख्याच्या सहा पात्यांपैकी दोन चिरली होती आणि बोटीवर राखीव पंखा नव्हता. नवा पंखा हवा, असा निरोप वर गेला. दुकान नऊला उघडणार होते आणि कप्तानांना सहाला निघायचे होते. त्यांनी विचारले, आचारी खाली जाऊन वर आला आणि म्हणाला, “चालेल म्हणतात.” बोट सुटली.

तिसऱ्या सकाळी दहाच्या सुमारास मिस्त्रींच्या हाडाशी पंपाचा सूर कोरडा पडला. तापमापकाचा काटा लाल रेघेकडे सरकत होता. क्षणाचाही विलंब न लावता त्यांनी यंत्र बंद केले. आणखी थोडा वेळ ते चालते, तर तापून जाम होऊन बसले असते. पंप उघडला, तर पंख्याला एकही पाते उरले नव्हते.

वारा किनाऱ्याकडे वाहत होता. कोसभरावर खडकांची रांग होती, तिच्यावर लाटा पांढऱ्या फुटत होत्या, आणि नांगराची साखळी तळापर्यंत पुरत नव्हती. कप्तान शिडीच्या तोंडाशी आले. आचारी मध्ये उभा होताच, म्हणून ते त्याच्याशीच बोलले.

“विचार त्याला, चालेल म्हणाला होता ना? मग बोट उभी का?”

“त्यांना सांग,” खालून आवाज आला, “वेळ कमी आहे.”

“आणि हेही सांग, की हे मी वहीत लिहिणार. तिसरा शेरा.”

बोटीच्या नोंदवहीत मिस्त्रींच्या नावापुढे कप्तानांच्या अक्षरातले दोन शेरे आधीच होते. तिसऱ्याने परवाना जाणार होता. नव्या परवान्यासाठी कानांची तपासणी असते, आणि पडद्यामागून कुजबुजलेले आकडे सत्तावन्न वर्षांच्या त्या कानांना ऐकू येणे शक्य नव्हते. तो शेरा पडला, की मिस्त्री कायमचे जमिनीवर येणार होते. ते नळी कापू लागले.

तळातले पाणी उपसायचा एक हातपंप बोटीवर होता, तराजूसारखा. दांड्याच्या दोन टोकांना दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, एकाने दाबले की दुसऱ्याचे टोक वर येते. मिस्त्रींनी त्याची ओढनळी समुद्रात सोडली आणि दुसरी नळी यंत्राच्या पाणवाटेला तारेने आवळली. यंत्र सुरू झाले. आचाऱ्याने पाव तास दांडा मारला आणि छाती धरून तो मटकन खाली बसला. तेव्हा कप्तानांनी सुकाणू त्याच्या हाती दिले, बोटीचे नाक कोणत्या दिशेला धरायचे ते दाखवले आणि इतक्या वर्षांत प्रथमच ते यंत्रखोलीत उतरले.

ते रागाने दाबू लागले. नळीतून फुसफुस ऐकू आली.

“हळू!” मिस्त्री ओरडले. “हवा ओढतोय पंप!”

अकरा वर्षांनंतरचे पहिले वाक्य ते हे.

“मला शिकवतोस?”

“इथे शिकवणारच. वर तुम्ही शहाणे, खाली मी. दाबा. सोडा. दाबा.”

पुढचे चार तास दोन साडू दांड्याच्या दोन टोकांना लोंबकळत होते. एक वाकला की दुसरा ताठ होई, आणि वैर दोघांत समसमान राही. काटा लाल रेघेच्या बोटभर अलीकडे थरथरत होता. कप्तानांच्या पांढऱ्या सदऱ्याला कोपरापर्यंत तेल माखले होते. मिस्त्रींनी ते पाहिले, आणि पाहिले हे कप्तानांना दिसेल असे पाहिले.

“चालेल म्हणाला होतास,” कप्तान दाबता दाबता म्हणाले.

“म्हणालो होतो.”

“मग चाललं का नाही?”

“मला चालेल, असं म्हणालो. पंप चालेल असं कुठं म्हणालो?”

“मी पंपाचंच विचारलं होतं! तिसऱ्या दिवसापर्यंत पंप चालेल का?”

मिस्त्रींनी चांगला कान पुढे केला. “काय विचारलं होतं?”

कप्तानांनी पुन्हा सांगितले.

“मला विचारलं, तिसऱ्या दिवशी बंदरात पंखा घेऊ, चालेल का? मला वाटलं, धोका तुम्ही पत्करलात. मी कोण अडवणारा?”

आपल्या भाषेतले हे क्रियापद मोठे मायावी आहे. अनुमती आणि भाकीत ही दोन्ही त्या तीन अक्षरांत एकत्र नांदतात, त्या दोन बहिणींसारखी. दांडा न थांबवता दोघांनी एकाच वेळी वर पाहिले.

“अरे ए! काय विचारलं होतंस खाली?”

वर सुकाणू एकदा उगाच करकरले.

“दूध उतू जात होतं, साहेब,” सुकाणूवरून आचाऱ्याचा आवाज आला. “थोडक्यात विचारलं.”

दुपारी अडीचला बोट बंदरात टेकली. कप्तान वही घेऊन बसले. मिस्त्री दारात उभे राहिले. समोर खुर्ची होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

“शेरा लिहायचा तर लिहा,” ते म्हणाले. “पण माझा शब्द एकटा लिहायचा नाही. प्रश्नासकट लिहा. तुम्ही काय विचारलंत, माझ्यापर्यंत काय आलं, दोन्ही.”

“असं लिहिलं, तर मालक विचारेल, कप्तानाला दहा पायऱ्या उतरता येत नव्हत्या का.”

“विचारू दे.”

कप्तानांनी लेखणी उचलली. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता, तर कदाचित तो खोटे लिहिता. ते उद्दाम होते, पण नोंदवहीशी खोटे बोललेले नव्हते. त्यांनी दोन्ही प्रश्न लिहिले, खाली उत्तर लिहिले, आणि मिस्त्रींच्या नावापुढचा शेऱ्याचा रकाना कोरा सोडून वही मिटली.

“उपकार नाहीत हे,” ते म्हणाले.

“मानतही नाही.”

दुसऱ्या सकाळी नवा पंखा बसला. शिडीवर पावले वाजली, ती आचाऱ्याची नव्हती. कप्तान शेवटच्या पायरीवर थांबले.

“पंप चालेल का?”

मिस्त्रींनी पेचकस टेकवला, मूठ हाडाला लावली, डोळे मिटले आणि त्यांना तिष्ठत ठेवले.

“पंप चालेल,” ते सावकाश म्हणाले. “तुम्ही नाही चालणार. या जन्मात नाही.”

“दुसरंही वहीत लिहू?”

“लिहा. प्रश्नासकट.”