माळ्यावरची द्राक्षं

मम्मा फळांना एकमेकांना टेकू देत नसत. इथे आखातात, बुसैतीनच्या त्या घरी कामाला गेले, त्या पहिल्याच सकाळी मी संत्री आणि सफरचंदं टोपलीत नीट रचून ठेवली होती. मम्मा काठी टेकत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि एकेक फळ काढून टेबलभर सुटं मांडलं. प्रत्येक फळ फिरवून त्याची खालची बाजू बघितली. जेवायला जागाच उरली नाही. त्यांचा मुलगा, लुका सर, हातात ताट घेऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "सवय करून घे. आमच्याकडे फळं बसतात आणि माणसं उभ्याने जेवतात."

मम्मांनी वर न बघता सांगितलं, "माणसाला बुरशी लागत नाही."

या उन्हाळ्यात मम्मा गेल्या. त्यांना इथे ओळखणारं माझ्याशिवाय आणि लुका सरांशिवाय कोणी नव्हतं, म्हणून लिहिते.

त्या इटलीतल्या एका डोंगराळ गावच्या. नवऱ्याच्या आजोबांपासून घरात लाल वाइन करायचा धंदा. नवरा वारला, मग त्या स्वतः जिन्यावरून पडल्या, तेव्हा इथे सित्राला एका कंपनीत इंजिनिअर असलेल्या मुलाने त्यांना इकडे आणलं. थोडे दिवस म्हणून आणलं, ते राहूनच गेल्या. माझे यजमान त्याच कंपनीत फिटर आहेत. सोबतीला बाई हवी म्हटल्यावर त्यांनी माझं नाव सांगितलं. मी चौथी शिकलेली, आणि बोलायची लाज. मम्मांचं इंग्रजी तोडकं, माझं त्याहून तोडकं. उरलेलं आम्ही हातांनी बोलायचो. ते सगळं मी इथे माझ्या मराठीत लिहिते आहे.

माझं माहेर तासगावकडचं. लग्नाआधी मी द्राक्षाच्या बागेत आणि बेदाण्याच्या शेडवर कामाला जायची. हे कळलं तेव्हा मम्मांनी माझा हात ओढून घेतला.

"तुम्ही द्राक्षं कशी सुकवता?"

मी सांगितलं, औषधाच्या पाण्यात बुडवायची, शेडमध्ये जाळीवर पसरायची, दोन आठवड्यांत बेदाणा तयार.

"दोन आठवडे? तुम्हाला कुठे जायचं असतं?"

त्यांच्याकडेही वाइनसाठी आधी द्राक्षं सुकवत, पण अख्खा हिवाळा. घराच्या माळ्यावर बांबूच्या ताट्या असत, त्यांवर घड सुटेसुटे ठेवायचे. कोरडा वारा आला की खिडक्या उघडायच्या, धुकं आलं की लावायच्या. रोज जिना चढून घड उलटायचे आणि बुरशी धरलेला मणी वेचून टाकायचा. द्राक्षं सुकून निम्मी झाली की मग रस काढायचा. पुढे तो रस माणसापेक्षा उंच अशा जुन्या लाकडी पिंपांत काही वर्षं पडून राहायचा. मम्मा म्हणायच्या, "खिडकी कधी उघडायची आणि कधी लावायची, एवढंच माझं शिक्षण." दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असे, "घाई कसली." मी केर भरभर काढला तरी म्हणायच्या, औषधाची वेळ झाली म्हटलं तरी म्हणायच्या.

एका वर्षी उकाडा जरा उतरला तेव्हा त्यांनी काळी द्राक्षं मागवली. आपल्या खोलीत वेताच्या ताटांत मांडली, एसी बंद केला, खिडकी उघडली आणि घाम पुसत बसल्या. लुका सर घाबरले. "मम्मा, इथे घरात वाइन करता येत नाही. पोलीस येतील."

"मी वाइन करत नाही. हात रिकामे आहेत म्हणून बसले आहे."

इथली हवा समुद्राची, ओली. तीन-चार दिवसांत मण्यांवर पांढरं दिसायला लागलं. मला वाटलं, आपल्याला यातलं कळतं. मी ती ताटं गच्चीवर नेली, वरून ओढणीची सावली केली, आमच्या शेडवर जाळी बांधतात तशी. दुपारी वाळूचा वारा सुटला. मी धावले तोवर द्राक्षं विटेच्या रंगाची झाली होती. मी रडकुंडीला आले. मम्मांनी एक मणी तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि रुमालात थुंकला.

"वाळवंट गोड लागतं," त्या म्हणाल्या. मग इथे शिकलेला एकुलता एक अरबी शब्द वापरला. "खलास."

त्याच हिवाळ्यात तिकडच्या एका मोठ्या वाइन कंपनीने मम्मांचं सगळं विकत मागितलं. बाग, घर, पिंपं आणि बाटलीवरचं नावही. नाव तेच ठेवणार होते, पण माळा बंद करणार. द्राक्षं शेडमध्ये पंखे लावून सुकवायची आणि जुनी पिंपं काढून लहान नवी आणायची, असा त्यांचा बेत होता. तिकडे सगळं मम्मांच्या नावावर होतं, म्हणून सही त्यांचीच लागणार होती. त्या रोज "बघू" म्हणायच्या. त्यांना परत जायचं होतं. बुसैतीनला घरांवरून विमानं अगदी खालून जातात. आवाज आला की बोलता बोलता थांबायच्या, विमान गेलं की पुढचं बोलायच्या.

शेवटी एकदा जेवताना लुका सरांनीच विषय काढला.

"मम्मा, तिकडे माळ्यावर चढणार कोण?"

"मी."

"बाथरूमला जाताना सुनंदाचा हात धरतेस तू."

मम्मा ब्रेडचा तुकडा मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू चढ."

"मला येत नाही. तू मला कधी चढू दिलंस? अभ्यास कर म्हणायचीस. खाली पाठवायचीस."

मी वाढायची थांबले. मम्मा माझ्याकडे वळल्या, जणू मीच विचारलं होतं. "खरं आहे त्याचं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पायांना तेल लावत होते, तेव्हा त्या हळूहळू बोलल्या. "याचा बाप माळ्यावरच्या धुळीने खोकायचा. मला वाटायचं, याने खुर्चीवर बसावं. बसला. मग आता कोणाला बोलू?" त्या आठवड्यात त्यांनी सही केली. सहीला मिनिटही लागलं नाही. त्यानंतर त्यांनी फळांकडे बघणं सोडलं. मीच ती सुटी करून ठेवायची, आणि त्या बघायच्या नाहीत.

नव्या मालकांची पहिली वाइन निघायला दोन वर्षं गेली. लुका सर सुट्टीवर गेले होते, ते येताना एक बाटली घेऊन आले. तोच कागद, तेच नाव. संध्याकाळी त्यांनी मम्मांच्या ग्लासात ओतली, आपल्या ग्लासात ओतली, आणि आपला ग्लास उचललाच नाही. मी दाराशी उभी होते. मी दारूला कधी हात लावलेला नाही, मला त्यातलं काही कळत नाही. पण त्या वेळी मनात म्हणत होते, देवा, ही वाईट निघू दे.

मम्मांनी वास घेतला. घोट तोंडात धरून ठेवला. लुका सर त्यांच्या गळ्याकडे बघत होते.

"चांगली आहे."

"खरंच?"

"खोटं बोलून मला काय मिळणार? माळ्याचा वास नाही. पण चांगली आहे."

लुका सरांनी डोळ्यांवर हात धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मम्मांनी त्यांच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि मला खूण केली.

मी त्यांना खोलीत आणलं. पलंगावर बसवून बूट काढले. त्या म्हणाल्या, "सुनंदा, वाईट असती तर मला रागावता तरी आलं असतं."

मी त्यांचे पाय उचलून वर ठेवले, पांघरूण घातलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज आला, म्हणून बघायला गेले, तर लुका सर भांडी घासत होते. ते माझं काम. मी दारात उभी राहिले, पण त्यांनी मान वर केली नाही. मग मी परत आत आले आणि मम्मांच्या पायाशी बसून राहिले.