हातानं न्यायचं पत्र

एका पानाच्या पत्रावर एकोणीस वर्षं प्रबंध लिहिणारा आणि तरीही तो अपुरा ठेवणारा माणूस अख्ख्या त्रिभुवनात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या खालच्या मजल्यावर राहत होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याहून पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी इलेक्ट्रिकलचं एम.एस. करायला गेलो होतो. एका नागपूरकराबरोबर अपार्टमेंट शेअर करत होतो. खालच्या मजल्यावरचे हे काका मूळचे नगर जिल्ह्यातले, मराठी ख्रिस्ती, पन्नाशी उलटलेले, लग्न न केलेले. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत फाटक्या पुस्तकांना नवे पुठ्ठे चढवायचं काम करायचे आणि उरलेल्या वेळात प्रबंध लिहायचे. त्यांचा पहिला गाईड रिटायर झाला, दुसरा रिटायर झाला, आणि तिसरा तर काकांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता. तो बिचारा काकांनाच 'सर' म्हणायचा.

ते पत्र म्हणजे बायबलातलं, पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांचं. तुरुंगात पडलेला एक म्हातारा आपल्या श्रीमंत मित्राला लिहितो. मित्राचा गुलाम घरातून पळालेला असतो आणि फिरत फिरत या म्हाताऱ्याकडे येऊन पोचतो. म्हातारा त्याला जीव लावतो आणि मालकाकडे परत पाठवतो. सोबत ही चिठ्ठी, की बाबा रे, याला आता गुलाम म्हणून घेऊ नकोस, भाऊ म्हणून घे. बस, एवढंच. पुढे मालकानं त्याला माफ केलं की नाही, हे पत्रात नाही. या 'नाही'पायी काकांनी बुटांची चार खोकी भरून कागद लिहिले होते. बोलणं कुठूनही सुरू करा, चौथ्या वाक्याला काका त्या पत्रावर येणार. एकदा मी मुद्दाम बेसबॉलचा विषय काढला. काका म्हणाले, "तो बॅटवाला बघ. पळतो, आणि शेवटी 'होम'लाच, घरीच परत यावं लागतं." मी हात जोडले.

या पत्रातली एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात घट्ट बसली होती: पत्र पोचवलं कोणी? त्या गुलामानंच! ज्याचा गुन्हा, त्यानंच ते हातात धरून, पायी चालत, मालकाच्या दारात उभं राहायचं. त्यामुळे काकांनी पोस्टाशी कायमचा असहकार पुकारला होता. नाताळची शुभेच्छापत्रंसुद्धा ते माकडटोपी घालून, गुडघाभर बर्फातून, घरोघर हातानं वाटायचे. "पोस्टमन निरपराध माणूस," म्हणायचे, "त्याला कशाला आपले निरोप वाहायला लावायचे? मनातलं सांगायचं तर स्वतः जावं."

या तत्त्वाचा प्रसाद मलाही मिळाला. माझ्या आईनं कोणाकोणाच्या हातापाया पडून पाठवलेलं लिंबाचं लोणचं नागपूरकरानं मी कॉन्फरन्सला गेलेलो असताना संपवलं. संपवलं ते संपवलं, वर बरणी धुऊन त्यात पेनं ठेवली! माझं टाळकंच सरकलं. अकरा दिवस आम्ही बोलत नव्हतो, फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. काकांना सुगावा लागला. बाराव्या दिवशी नागपूरकर स्वतःच्याच घराची बेल वाजवून दारात उभा, हातात लिफाफा, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. काकांचे नियम ठरलेले होते. पत्र तिसऱ्यानं लिहायचं, गुन्हेगारानं न्यायचं, ज्याचं नुकसान झालं त्यानं दारातच मोठ्यानं वाचायचं. वाचून झालं की त्यानंच चहा करायचा, आणि चहा पिऊन झाला की विषय बंद. मी वाचू लागलो. "हा तुझं लोणचं खाऊन बसला आहे. याला लोणचेचोर म्हणून घरात घेऊ नकोस, भाऊ म्हणून घे. लोणचं मी भरून देईन." पुढचं हसण्यामुळे वाचताच येईना. चहा झाला. काकांनी खरोखरच गाजराचं लोणचं घालून दिलं. इतकं भयानक लोणचं मी जन्मात खाल्लं नाही, पण आम्ही दोघांनी ते भावाभावांसारखं संपवलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी काका वर आले. नागपूरकर लॅबमध्ये होता. काकांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्याशीच चाळा करत बसले. मग म्हणाले, "तुला एक काम सांगायचंय. माझं एक पत्र लिहून देशील?"

"तुम्हाला? पत्र?" मी हसलो.

"आपलंच पत्र आपल्याला लिहिता येत नाही. नियम आहे."

मग त्यांनी सांगितलं. वडील लवकर गेले तेव्हा थोरला भाऊ चौदा वर्षांचा होता. तो शाळा सोडून गावातल्या बागाइतदाराकडे सालगडी म्हणून राहिला. वर्षाच्या बोलीवर, दिवसरात्र त्याच्याच वाड्या-गोठ्यात राबायचं. का, तर धाकट्यानं शिकावं म्हणून. धाकटा नगरच्या कॉलेजात गेला. दादा दर रविवारी बारा मैल चालत हॉस्टेलवर भाकरी आणि ठेचा घेऊन यायचा. एका रविवारी व्हरांड्यात मित्र बसलेले होते, चांगल्या घरचे, इस्त्रीच्या कपड्यांतले. कोणीतरी विचारलं, "कोण रे हा?"

"मी म्हणालो, आमच्या घरचा गडी आहे."

काका टोपीचा सुटलेला धागा ओढत राहिले.

"दादानं ऐकलं रे. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, भाकरीचं फडकं माझ्या पायाशी ठेवलं आणि म्हणाला, 'येतो मालक.' आणि गेला. पुन्हा कधी आला नाही. भाकरी मात्र कोणा ना कोणाबरोबर येत राहिली, बी.ए. होईपर्यंत." काकांनी टोपी पुन्हा घातली, पुन्हा काढली. "त्या म्हाताऱ्यानं लिहिलं, गुलामाला भाऊ म्हण. मी भावाला गडी म्हणालो. सख्ख्या भावाला. थीसिस झाली की जाईन म्हणत होतो, पण ती काही होत नाही. आता थांबत नाही, पत्र हातात आलं की निघतो. तू लिहून दे, मी हातात धरून दारात उभा राहीन."

"पण मीच का?"

"तू तोंडाचा फाटका आहेस. खरं लिहिशील."

मी म्हटलं, लिहितो की काका, त्यात काय! एवढी क्वालिफायर परीक्षा झाली की लगेच. क्वालिफायर झाली. मग प्रोजेक्ट आलं. मग आळस आला. काका एकदाही विचारायचे नाहीत. जिन्यात भेटले की नुसते माझ्या हातांकडे बघायचे. खरं सांगायचं तर मी दोनदा कागद घेऊन बसलो होतो. 'हा आपला भाऊ' इतकं लिहिलं की माझ्या आजोबांच्या शेतावरचा सालगडी आठवायचा. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून मी ओढ्यावर जायचो. आणि त्याचं नाव काही केल्या आठवायचं नाही. मग मला माझीच लाज वाटायची आणि मी कागद घडी करून पुस्तकात ठेवून द्यायचो.

मे महिन्यात पुतण्याची तार आली. दादा गेले.

मला नागपूरकरानं सांगितलं. मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि चार महिने न झालेलं पत्र अर्ध्या तासात लिहिलं. खाली गेलो आणि काकांच्या दारात उभा राहिलो. हातात ते पत्र.  काकांनी पत्र घेतलं, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जणू ते त्यांनाच लिहिलेलं होतं. मग आत जाऊन चहा ठेवला. मला रडू आवरेना, चहा तसाच निवत चालला.

"पी," ते म्हणाले. "नियम आहे."

आठवड्याभरात ते पत्र खिशात घालून काका गावी गेले. महिन्यानं परत आले ते निम्मे होऊन. पुतण्या गावात नव्हता. वहिनी एकटीच ओट्यावर ज्वारी पाखडत होती. काका उंबऱ्याबाहेर उभे राहिले, पत्र काढलं, वहिनीला वाचता येत नव्हतं म्हणून स्वतःच वाचायला सुरुवात करणार, तर ती म्हणाली, "भाऊजी, आधी चहा घ्या. मग काय वाचायचं ते वाचा."

"मी अजून एक अक्षर वाचलं नव्हतं," काका मला सांगत होते. "एक अक्षर नाही."

चहा घेताना वहिनी बोलत राहिली. दादा गावभर सांगायचे, आमचे मालक अमेरिकेत आहेत, मोठा ग्रंथ लिहितात. थट्टेनं नाही, कौतुकानं. आणि पोस्टमन दिसला की हातातलं काम टाकून रस्त्यावर जायचे. "मालकांचं पत्र आलं का?" रोज. पोस्टमन बदलले, तरी विचारणं बदललं नाही. आजारपणात खाटेवरून विचारायचे.

हे सांगून काका खाली गेले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पोस्टाच्या रांगेत पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी एरोग्राम, ती परदेशी पाठवायची घडीची पत्रं, घेतली आणि तेव्हापासून दर सोमवारी एक टाकायला लागले, पत्त्यावर दादांचं नाव. पेटीत टाकलं की झाकण दोनदा उघडून आत पडलंय ना ते बघायचे. प्रबंधाची खोकी त्यांनी लायब्ररीच्या रद्दीत देऊन टाकली.

आता मी अमेरिकेतच, ईडन प्रेरी गावात राहतो. काकांना जाऊनही बरीच वर्षं झाली. आजोबांच्या सालगड्याचं नाव मी शेवटी आईला फोन करून विचारलं. तिलाही आठवलं नाही. काकांनी मला चहा दिला होता, म्हणजे त्यांच्या नियमानं विषय केव्हाच बंद झाला. माझा काही होत नाही. जानेवारीत मी अर्धा तास बसलो असतो, तर दादांना खाटेवरून पोस्टमनला विचारावं लागलं नसतं. मालक स्वतःच दारात उभे राहिले असते.